नवरीकडचं देवक

माझे यजमान संपतराव म्हणतात, माझं देवक अजून माहेरीच बसलंय, सासरी मी नुसती पाहुणी येते. म्हणू देत. रावपुऱ्यातल्या आमच्या घरापासून बाबाजीपुऱ्यातलं माहेर हाकेच्या अंतरावर, आणि त्या वर्षी मी तिथं दिवसाआड जात होते याला कारणही तसंच होतं. माझा भाऊ उदयसिंहराव आदल्या वर्षी मानमोडीच्या तापात गेला. दसऱ्याला घोड्यावर बसलेला माणूस दिवाळीला नव्हता. मागे तिघीजणी राहिल्या: माझी आई इंदिराबाई, दादाची बायको आणि सहा वर्षांची अहल्या.

वहिनी विलायतेची. सरकारच्या शिष्यवृत्तीवर दादा पूल बांधायचं शिकायला गेला आणि येताना बायकोच बांधून आणली, असं भाऊबंद हसत सांगायचे. तिचं तिकडचं नाव विनिफ्रेड. ते आईसाहेबांच्या जिभेवर काही बसलं नाही, म्हणून तिची कुसुमावती झाली. मराठी ती आमच्याकडून शिकली आणि गुजराती नोकरमाणसांकडून, त्यामुळे एका वाक्यात दोन्ही यायचं. मला ती "वन्सं" म्हणायची, अगदी रीतीप्रमाणे, आणि तिच्या तोंडून ते ऐकलं की मला हसू यायचं. पुढे पुढे यायचं बंद झालं.

दादाचं वर्षश्राद्ध झालं आणि घरात एकच प्रश्न उरला. वहिनी राहणार की जाणार, आणि गेली तर अहल्येला नेणार की कसं. हा प्रश्न कोणी तोंडानं विचारत नव्हतं. आईसाहेबांना उत्तर ऐकायची छाती नव्हती. वहिनीला मनातलं ओठावर आणणं म्हणजे चारचौघांत पदर ढळल्यासारखं वाटायचं. आणि मी विचारायला गेले की त्याचं भांडण होतं, हा माझा लौकिक. लढाई संपून वर्ष झालं होतं, पण विलायतेच्या बोटींत अजून सहज जागा मिळत नाही, असं संपतराव सांगायचे. मी त्या बोटींच्या गर्दीवर विसंबून होते.

देवक म्हणजे काय हे मराठ्यांच्या घरात सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगते. प्रत्येक कुळाचं एक झाड असतं, कुणाचं आणखी काही. आमचं कळंब. लग्नाआधी त्या झाडाला आमंत्रण द्यायचं, त्याची डहाळी वाजतगाजत घरी आणायची, पुजून बसवायची. लग्न पार पडलं की देवक उठवायचं. बसलेलं असेतो घरच्या माणसानं वेस ओलांडायची नाही. एरवीही कुळातला माणूस आपल्या देवकाच्या झाडावर कोयता घालत नाही. नवऱ्यामुलाकडचं देवक वेगळं, नवरीकडचं वेगळं.

दादाचं लग्न तिकडे एका कचेरीत सह्या करून झालं होतं. त्या सह्या आईसाहेबांना पुरेनात. दोघं बडोद्याला आल्यावर त्यांनी मांडव घालून पुन्हा लग्न लावलं. त्या वेळी भटजींनी विचारलं, नवरीचं देवक कोणतं? दादानं इंग्रजीत तिला काहीतरी समजावलं. तिनं मान हलवली आणि म्हणाली, आमच्याकडे असलं काही नाही. नवरीकडचा पाट रिकामा राहिला. आमचे चुलते फत्तेसिंहराव तेव्हापासून तिला "अर्ध्या लग्नाची सून" म्हणत. दादा गेल्यावर, तेराव्याच्या पंगतीत, ते आणखी एक बोलले: देवक नाही तर लग्न नाही, मग ती राहिली काय नि गेली काय. आईसाहेबांनी ते ऐकलं आणि वाढायचं थांबवलं नाही. पण त्या दिवसापासून त्या फत्तेसिंहरावांशी पदराआडूनसुद्धा शब्द बोलल्या नाहीत.

मार्गशीर्षातली गोष्ट. आईसाहेब सोप्यात तांदूळ निवडत होत्या, मी शेजारी बसून निवडलेल्यातले खडे काढत होते, आणि अहल्या मध्येच लुडबुडत होती.

"आजीसाहेब, मम्माच्या गावी या महिन्यात घरोघरी झाड आणतात."

"कसलं झाड?"

"एकच असतं. सगळ्यांचं तेच. सगळं घर मिळून जातं आणि निवडतं. आजोबापण जातात."

"बरं. आणून काय करतात?"

"घरात उभं करतात. दिवे लावतात, फळं बांधतात. त्याच्यापुढं भेटी ठेवतात. मग सण संपला की काढतात."

आईसाहेबांनी सूप खाली ठेवलं. "कौशल्या," त्या म्हणाल्या, "अगं, हे देवकच की."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "इतकी वर्षं पोरीला देवक होतं आणि आपण विचारलं नाही. उदयनं विचारलं ते त्याच्या पुस्तकी इंग्रजीत विचारलं असेल. तिला काय कळणार?"

"आईसाहेब, तो त्यांचा नाताळ आहे. देवकाचा नि त्याचा काय संबंध?"

"झाड ठरलेलं, सगळं कुळ आणायला जातं, घरात बसवतात, पुढं आहेर ठेवतात, कार्य झालं की उठवतात. याला तू काय म्हणतेस?"

याला काय म्हणायचं ते मला सुचेना, म्हणून मी नको ते बोलले. "बरं, असेल देवक. पण नवरदेव कुठाय?"

"नवरदेव गेला म्हणून लग्न अर्धं ठेवायचं का?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप उचललं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "देवक बसलं की घरचं माणूस वेस ओलांडत नाही."

तेव्हा मला कळलं की हे फत्तेसिंहरावांना उत्तर नव्हतं. वहिनीला बांधून ठेवायला आईसाहेबांना दोरी सापडली होती.

त्याच संध्याकाळी वहिनी पायरीपाशी येऊन उभी राहिली. दादा गेल्यापासून ती करड्या रंगाचा साधा झगा घालायची. "आईसाहेब, मागच्या वर्षी आपण सण केले नाही. या वर्षी अहल्यासाठी एक झाड आणू ने? तिला एकदा दाखवायचं आहे."

तो "एकदा" मला खडा चावल्यासारखा लागला. आईसाहेबांना फक्त "झाड" ऐकू आलं. त्या म्हणाल्या, "मीही येते. सगळ्यांनी मिळूनच जायचं असतं ना?"

वहिनी इतकी आनंदली की तिनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मला दोघींचीही चीड आली, आणि कीवही.

आईसाहेब बाहेर पडायच्या म्हणजे पडद्याच्या शिग्राम गाडीतून. बडोद्यात तेव्हा मुली शाळेत जात होत्या, बायका सभेला जात होत्या, पण आमच्या घरचा पडदा तसा जुना, त्याला फार कोणी हात लावला नव्हता. आम्ही चौघी आत बसलो. अहल्या पडदा सारून बाहेर बघायची, आईसाहेब तो नीट करायच्या, ती पुन्हा सारायची. सुरसागर मागे पडला, विश्वामित्रीचा पूल ओलांडला. कमाटीबागेच्या पुढे कॅम्पच्या रस्त्यावर छगन माळ्याची वाडी होती. गुलाब, क्रोटन, शेवंती, आणि वाऱ्याला आडोसा म्हणून कडेनं लावलेली सुरूची रांग. विलायतेतलं ते झाड आपल्या हवेत जगत नाही. म्हणून कॅम्पातले साहेबलोक डिसेंबरात या सुरूचीच झाडं कापून नेत.

छगन पुढं आला. "आवो आवो बा. झाड जोईए ने? आ जुवो, सरू. जे पसंद पडे ते कापी आपू."

अहल्या सुटलीच. रांगेतल्या सगळ्यांत उंच झाडाला मिठी मारून ती म्हणाली, "हे." ते आमच्या दुमजली घराएवढं होतं. वहिनी हसली. बऱ्याच दिवसांनी तिला हसताना पाहिलं. मग तिनं तिचं निवडणं सुरू केलं. ती प्रत्येक झाडाभोवती फिरायची, मागं सरून बघायची, फांदी हातात धरून सोडायची, आणि नाक मुरडून पुढं जायची. साडी घेताना मी अशीच करते आणि संपतराव दुकानाबाहेर जाऊन उभे राहतात.

"वन्सं, हे आमचं झाड नाहीच," ती मला हळूच म्हणाली. "आमचं जाड असतं, काळं हिरवं. वास येतो. हे तर केसांसारखं आहे. पण ऐका." वाऱ्याची एक झुळूक रांगेतून गेली. "समुद्रासारखं वाजतं ने? आमचं घर समुद्रावर आहे. माझी आई खिडकी बंद करत नाही, थंडीतसुद्धा."

"आहे" म्हणाली ती, "होतं" नाही. 

शेवटी तिनं एक निवडलं, बेताच्या उंचीचं, सरळ, चारी बाजूंनी भरलेलं. छगननं कोयता काढला, मनगटावर जोखला आणि बुंध्यापाशी वाकला.

"थांब."

आईसाहेब शिग्राममधून खाली उतरल्या होत्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला, पण उतरल्या होत्या, परक्या माळ्यासमोर, भर रस्त्यालगत. मी जन्मात तसं पाहिलं नव्हतं.

"कुसुम, देवकावर कोयता?"

वहिनीला देवक हा शब्द माहीत होता. तो रिकामा पाट ती विसरली नव्हती. पण तो इथं कुठून आला ते तिला कळेना. मी तिला चार वाक्यांत सांगितलं. तिनं ऐकलं, आणि तिचा चेहरा मऊ झाला. ती हसेल अशी मला भीती होती. ती हसली नाही.

"आईसाहेब, आमच्याकडे कापूनच आणतात."

"आणि मग?"

"सण झाला की टाकून देतात. नाहीतर जाळतात."

"जाळतात?" आईसाहेबांनी झाडाकडे असं पाहिलं, जणू त्यालाच हे ऐकू जायला नको होतं. "ते तिकडे. इथं मुळासकट घ्यायचं. आपल्या अंगणात लावायचं."

विहिरीपाशी रॉकेलच्या डब्यांमध्ये सुरूची रोपं होती. त्यातलं एक अहल्येपेक्षा थोडं उंच, जरासं कलतं. आईसाहेबांनी त्यावर हात ठेवला. "हे."

"पण ते लहान आहे," वहिनी म्हणाली. "आणि वाकडं."

"वाढेल. सरळ होईल."

"अंगणात लावलं तर मग... काढणार कधी?"

"काढायचं नाही. उठवायचं नाही."

 आम्ही तिघी एका रोपाभोवती उभ्या होतो आणि तिघींनाही ठाऊक होतं की आता बोलणं रोपाबद्दल चाललेलं नाही. एका अहल्येलाच ते ठाऊक नव्हतं. ती त्या डब्याला पाठ लावून स्वतःची उंची मोजत होती.

आईसाहेबांनी कनवटीचा बटवा सोडला. त्यातून सुपारी निघाली, चिमूटभर अक्षता निघाल्या, आणि छोटा करंडा, ज्यातलं कुंकू त्यांना स्वतःला लावायचं नव्हतं. "कौशल्या, तू आमंत्रण दे. आम्हा दोघींना चालत नाही. सवाष्ण तू एकटी."

"मी नाही देणार."

"का?"

"मेलेल्या भावाच्या लग्नाचं देवक मी आणणार नाही. हे अभद्र आहे, आईसाहेब. आणि तुम्हाला यातून काय हवंय ते मला कळतंय. तेही बरं नव्हे."

मी मराठीत बोलले, वहिनीसमोर बोलले, आणि कोणाचीही भीड धरली नाही. आईसाहेबांचा पुढे केलेला हात तसाच राहिला. दोन-चार अक्षता खाली सांडल्या. मी हात पुढे केला नाही.

तेवढ्यात वाडीच्या फाटकात एक बग्गी थांबली आणि कॅम्पातली एक मडम उतरली. दादाच्या मयताला ती शेवंतीचा हार घेऊन आली होती, म्हणून मला चेहरा आठवत होता. तिच्या नवऱ्याची मुंबईत बोटींच्या कंपनीत ओळख होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ती सरळ वहिनीकडे आली, तिचे दोन्ही हात धरले आणि भराभर बोलू लागली. वहिनी तिला डोळ्यांनी थांबवत होती. मडमेनं ते ओळखलं नाही. चांगल्या माणसांना बरेचदा ओळखू येत नाही.

मी शाळेत इंग्रजी शिकले होते. फार नाही, पण एवढं कळण्याइतकं होतं. ती सांगत होती की अखेर जागा मिळाली. फेब्रुवारीतली बोट, एक मोठी जागा आणि एक लहान. तुम्ही घरी पोचाल तेव्हा तिकडे फुलं यायला लागलेली असतील, तुझ्या आईला केवढा आनंद होईल. बोलता बोलता ती अहल्येच्या केसांवरून हात फिरवत होती. मग तिनं एका सुरूकडे बोट दाखवलं, छगननं दोन घावांत तो पाडला, तिच्या शिपायानं उचलून बग्गीवर आडवा टाकला, आणि ती आम्हा सगळ्यांना सणाच्या शुभेच्छा देऊन निघून गेली. बुंध्याचा पांढरा खुंट तेवढा मागं उरला. ती दुष्ट असती तर मला किती सोपं गेलं असतं.

"काय म्हणाली ती?" आईसाहेबांनी मला विचारलं.

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं.

"सणाचं बोलत होती," मी म्हटलं.

"सणाला कोणी दुसऱ्याच्या पोराच्या डोक्यावरून असा हात फिरवत नाही," आईसाहेब म्हणाल्या. "गावाला निघालेल्या पोराच्या फिरवतात."

 छगन शहाणा, तो गुलाबांना पाणी घालायला निघून गेला. अहल्येला त्यानं बरोबर नेलं, झारी धरायला.

"वन्सं माझ्यासाठी खोटं बोलल्या," वहिनी म्हणाली. तिचं मराठी अशा वेळी एकदम नीट व्हायचं. "फेब्रुवारीत बोट आहे. मी आणि अहल्या. मी तुम्हाला सण झाल्यावर सांगणार होते. सण खराब करायचा नव्हता."

"तुला इथं कोणी काही बोललं?"

"नाही."

"फत्तेसिंहराव बोलले असतील."

"नाही, आईसाहेब. त्यांचं मी कधी मनावर घेतलं नाही." ती थांबली. "माझे दोन्ही भाऊ लढाईत गेले. माझी आई एकटी आहे. तिच्याजवळ कोणी नाही."

"माझ्याजवळ कोण आहे?" आईसाहेब म्हणाल्या.

त्यांनी आवाज चढवला नव्हता. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं. मी म्हणू शकले असते, मी आहे. हाकेच्या अंतरावर आहे. पण उदयदादाचे कान, उदयदादाची हनुवटी अहल्येकडे होती, माझ्याकडे नव्हती. त्या क्षणी मला दादाचाच संताप आला. पूल बांधायला गेलास, दोन किनारे जोडून ठेवलेस, आणि मधला खांब काढून घेतलास. आता या दोन म्हाताऱ्यांनी एका पोरीला दोन्हीकडून ओढायचं.

आईसाहेब विहिरीच्या काठावर बसल्या. पदर खाली घसरला होता, तो त्यांनी वर घेतला नाही. सुपारी आणि अक्षता अजून मुठीत होत्या. वहिनी त्यांच्या पायाशी जमिनीवर बसली, झग्याला माती लागली तरी तशीच, आणि म्हणाली, "कापलेलं नको. तुम्ही म्हणता तेच घेऊ. हे डब्यातलं."

"आता कशाला?" आईसाहेब म्हणाल्या. "याला पाणी घालायला कोण राहणार आहे?"

वहिनी रडायला लागली. ती रडायची तेव्हा आवाज करायची नाही, नुसतं नाक लाल व्हायचं. दादाच्या मयतालाही ती अशीच रडली होती आणि आमच्या बायका म्हणाल्या होत्या की हिला दुःख नाही. आईसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग त्या रोपाकडे, मग वाडीच्या दुसऱ्या टोकाला झारी घेऊन आपलेच पाय भिजवत असलेल्या अहल्येकडे. मला वाटतं त्या वेळी त्यांनी काहीतरी सोडलं. मी ते होताना पाहिलं आणि मला त्यांना थांबवावंसं वाटलं.

"मीच घालीन पाणी," त्या म्हणाल्या. "कौशल्या, कुंकू लाव."

"आईसाहेब..."

"लाव म्हणते ना."

मी करंडा घेतला. डब्यातल्या त्या वाकड्या रोपाला कुंकू कुठं लावायचं तेही कळेना, बुंधा बोटाएवढा. लावलं. अक्षता टाकल्या, सुपारी मातीत ठेवली. आमंत्रणाचे शब्द मला पाठ होते, नणंदांच्या लग्नांत ऐकलेले: आमच्या घरी कार्य आहे, कुळासह यावं.  कुळ म्हणून तिथं तीन बायका आणि एक पोर होती.

वहिनीनं डोळे पुसले. "पण आईसाहेब, देवक बसलं की वेस ओलांडायची नाही. तुम्हीच लग्नात सांगितलं होतं. मला आठवतं."

"सांगितलं होतं. ओलांडू नये." आईसाहेब उठल्या. "पण कुणाला ओलांडावीच लागली, तर त्याचं कार्य पुरं झालं नाही असं धरतात. त्याला परत यावं लागतं. कधी का होईना. मी हे उठवणार नाही, कुसुम. फत्तेसिंहरावांनी विचारलं की सून गेली का, तर सांगेन, माझ्या घरात लग्नाचं देवक बसलंय, सून माहेरी गेलीय. यात खोटं काय आहे?"

अशी रीत कुठल्याच कुळात नाही. ती त्यांनी तिथं, विहिरीच्या काठावर उभं राहून केली. मी रीतींच्या बाबतीत फार काटेकोर आहे, सासरी त्यावरून माझी चेष्टा होते, पण मी तोंड उघडलं नाही.

रोप शिग्राममध्ये आमच्या पायांशी ठेवलं. सारा रस्ता त्याचे केस आमच्या तोंडावर येत होते. अहल्या म्हणाली, "हे मी निवडलेलं नाही." मग स्वतःच म्हणाली, "पण चालेल." आईसाहेबांनी येताना एकदाही पडदा नीट केला नाही.

अंगणात खड्डा खणून रोप लावलं. नाताळात वहिनीनं त्यावर पणत्या बांधता येईनात म्हणून बुंध्याभोवती मांडल्या, बोरं आणि संत्री टांगली, आणि रोप आणखीच वाकलं. फत्तेसिंहराव आले, बघून म्हणाले, "ही कसली अवेळी आरास?" आईसाहेब वर्षभरानं त्यांच्याशी पहिलं वाक्य बोलल्या: "नवरीकडचं देवक आहे. राहिलं होतं." त्यांना त्यावर काही सुचलं नाही. असं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

फेब्रुवारीत सयाजीगंजातल्या स्टेशनावर आम्ही त्या दोघींना गाडीत बसवलं. आईसाहेब फलाटावर आल्या, उघड्या तोंडानं. अहल्येच्या मुठीत त्यांनी सुरूची एक बारकी काडी ठेवली आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी बंद केली. वहिनीनं वाकून नमस्कार केला, आणि आईसाहेबांनी तिला दंडाला धरून डब्यात चढवलं. "उठवणार नाही," त्या एवढंच म्हणाल्या. गाडी हलल्यावर मी मोठ्यानं रडले. त्या रडल्या नाहीत, घरी जायची घाई करत होत्या, झाडाला पाणी घालायचं राहिलं होतं म्हणून.

त्यानंतर काही दिवसांनी, बोट अजून वाटेत असेल तेव्हा, मी संध्याकाळची गेले. आईसाहेब झाडाजवळ पाट टाकून बसल्या होत्या, कान त्याच्याकडे करून. झाड लहान होतं, अगदी जवळ बसलं तरच ऐकू यायचं. मी शेजारी बसले.

"कौशल्या, तू समुद्र पाहिलायस. कुसुम म्हणते तसा खरंच असा वाजतो?"

मी मुंबईला एकदाच पाहिला होता. "असाच," मी म्हटलं.

त्या बराच वेळ ऐकत राहिल्या.

"रात्रभर वाजत असेल," त्या म्हणाल्या. "पोर झोपते कशी त्यात."